दूरसल्ला : मोजावे काय?

आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे २०२० साली प्रसिद्ध झाली. त्रिविध परीक्षेपैकी प्रश्न पडद्यावर साधतो, दर्शन अंशतः साधते. स्पर्शन मात्र हरवते. नाडी पाहता येत नाही, उदरातील काठिण्य हातास लागत नाही. म्हणून 'ई-संजीवनी'सारख्या सेवेचे मूल्यमापन केवळ सल्ल्यांच्या संख्येवरून करणे आम्हांस अपुरे वाटते. प्रत्यक्ष तपासणीची निकड वैद्याने वेळीच ओळखली काय? पुढे पाठविलेला रुग्ण तेथे पोहोचला काय? तेथील निदान मूळ वैद्यास कळले काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, तरच सेवेचा कस लागेल. वैद्य बंधुभगिनींनी आपल्या रुग्णनोंदवहीत हे तीन रकाने आखावेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.