पर्सची मर्यादा आणि अनुभवी खेळाडूची कोंडी

२७ मार्च २०२५. हैदराबादच्या उप्पल मैदानावर शार्दूल ठाकूरने ३४ धावांत ४ बळी घेतले आणि लखनौने सनरायझर्सला हरवलं. बीदर-कलबुर्गीकरांना आयपीएलसाठी हेच मैदान जवळचं. पण चारच महिन्यांपूर्वी, जेद्दाहच्या लिलावात, पालघरच्या या खेळाडूला कोणीच घेतलं नव्हतं. २०२२ मध्ये त्याला १० कोटी ७५ लाख मिळाले होते, २०२४ मध्ये ४ कोटी. मग एकदम शून्य कसं?

गणित असं आहे

श्रीमंत संघाने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत म्हणून प्रत्येक संघाच्या खर्चावर मर्यादा असते. त्या लिलावासाठी ती १२० कोटी होती आणि संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू.

लखनौचंच बघा. आधीचे पाच खेळाडू राखण्यात ५१ कोटी गेले. एकट्या ऋषभ पंतवर २७ कोटी. आवेश खान, आकाश दीप आणि डेव्हिड मिलर यांच्यावर मिळून सव्वापंचवीस कोटी. उरले पावणेसतरा कोटी आणि जागा सोळा. म्हणजे जागेमागे जेमतेम एक कोटी.

शार्दूलची मूळ किंमत २ कोटी होती. लिलावात त्याखाली घासाघीस चालत नाही. नवा पोरगा मात्र ३० लाखांत मिळतो. त्यामुळे स्टारला हात लागत नाही, नवख्याला संधी मिळते आणि मधला चेपला जातो. तो वाईट खेळतो असं नाही; त्याच्या जागी स्वस्तात कोणीतरी मिळतं, एवढंच. पुढे मोहसीन खान जखमी झाला, तेव्हा लखनौने शार्दूलला २ कोटींतच बोलावलं.

शेजारचं उदाहरण

मूळचा सोलापूर जिल्ह्यातला केदार जाधव २०१८ मध्ये ७ कोटी ८० लाखांना चेन्नईकडे गेला. २०२१ मध्ये हैदराबादने २ कोटी दिले. २०२२ मध्ये बोलीच लागली नाही. २०२३ मध्ये तो मराठी समालोचन करत होता, तेव्हा बेंगळुरूने जखमी खेळाडूच्या जागी १ कोटीत बोलावलं.

हॉकीतही तेच

२०२४ मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात पुरुष संघांना प्रत्येकी ४ कोटी होते आणि २४ खेळाडू घ्यायचे होते. सूरमा संघाने हरमनप्रीत सिंगला ७८ लाख दिले. उरलेल्या २३ जणांसाठी सरासरी १४ लाखच राहिले. त्यात चार ज्युनिअर घेणं सक्तीचं. जागा कमी झाली ती जुन्यांचीच.

आपल्या पोरांसाठी

आपल्याकडची गुलबर्गा मिस्टिक्सही महाराजा ट्रॉफीत लिलावातूनच संघ उभारते. पोराला अकादमीत घालताना आई-बापाच्या डोळ्यांसमोर पंतचे २७ कोटी असतात. पण बहुतेकांची वाट शार्दूल-केदारसारखी असते: चढ, उतार आणि मग कोणी जखमी झालं तर फोन. म्हणून खेळ जरूर खेळू द्या, पण शिक्षण आणि नोकरीची वाट बंद करू नका.