कामाची वाटणी व आपोआप स्मरण : विपणनाच्या सॉफ्टवेअरमधून पटनोंदणीस घेण्याजोगी पद्धत

पटनोंदणीची वही चाळीत असता काही घरांपुढे ‘घर बंद’ असा शेरा आढळतो. शेरा खरा असतो आणि तो लिहिणारा शिक्षक प्रत्यक्ष त्या दारापर्यंत गेलेलाही असतो. प्रश्न त्यापुढचा आहे. त्या दाराशी पुन्हा कोणी जावयाचे, कोणत्या तारखेस जावयाचे, आणि जाणे राहून गेले तर ते कोणाच्या ध्यानात यावयाचे, याचे उत्तर वहीत बहुधा नसते. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडलेले कुटुंब हंगाम संपल्यावर, म्हणजे साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, गावी परतते. तोवर गावातील पाहणी आटोपलेली असते. शेरा तसाच राहतो आणि सहा वर्षांचे मूल जूनमध्ये पटावर येत नाही. यात कोणाचा आळस असतो असे नाही. काम सर्वांचे म्हणून ठेवले गेले आणि त्याला तारीख मिळाली नाही, एवढ्याने ते सुटून जाते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम ९ अन्वये स्थानिक प्राधिकरणाने आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांचे अभिलेख ठेवावयाचे आहेत. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या प्रवेशाची खात्री करणे हेही त्याच कलमात सांगितलेले कर्तव्य आहे. हे कर्तव्य शेवटी गावच्या शाळेतील दोन-चार शिक्षकांच्या हातून पार पडते. म्हणून त्यांच्या हाती कामाची नेटकी पद्धत असणे अगत्याचे आहे. अशी एक पद्धत व्यापारी जगाने आपल्या सोयीसाठी तयार केली आहे. तिचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे.

विपणनाचे सॉफ्टवेअर म्हणजे काय

माल तयार झाला म्हणजे तो आपोआप खपतो असे नाही. ग्राहक शोधणे, त्याला माहिती देणे, त्याच्या शंका फेडणे, आणि त्याने ‘पुढच्या महिन्यात पाहू’ असे म्हटले तर पुढच्या महिन्यात खरोखर त्याची भेट घेणे, या सर्व व्यवहारास विपणन म्हणतात. एका दुकानदाराचे दहा ग्राहक त्याच्या ध्यानात राहतात. दहा नोकर आणि हजारो ग्राहक असले म्हणजे कोणी कोणाला काय सांगितले याचा मेळ राहत नाही. हा मेळ राखण्यासाठी संगणकावर व मोबाईलवर चालणारी सॉफ्टवेअरे निघाली. अमेरिकेत २००६ साली स्थापन झालेल्या हबस्पॉट या कंपनीचे सॉफ्टवेअर या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. आपल्याकडे १९९६ साली सुरू झालेल्या आणि तामिळनाडूत मुख्य कार्यालय असलेल्या झोहो या कंपनीचे ‘झोहो सीआरएम’ हे सॉफ्टवेअर पुष्कळ ठिकाणी वापरले जाते.

ही सॉफ्टवेअरे शाळांनी घ्यावीत असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. त्यांत कामाची वाटणी व स्मरण यांची जी शिस्त बसविलेली आहे ती समजून घेण्यासारखी आहे. तीत असे काही नाही की जे कागदावर अथवा साध्या मोबाईलवर करता येणार नाही.

कामाची नोंद

या सॉफ्टवेअरमध्ये ‘टास्क’ म्हणजे नेमून दिलेले काम. त्याची नोंद करताना काही रकाने भरावे लागतात. काम कोणते, ते कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या ग्राहकासंबंधी, आणि ते सध्या कोणत्या अवस्थेत आहे, हे त्यांतील मुख्य होत. झोहो सीआरएममध्ये कामाच्या अवस्था सुरू झालेले नाही, चालू आहे, पूर्ण झाले, पुढे ढकलले व कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत आहे, अशा दाखविता येतात.

यांपैकी तीन गोष्टी विशेष ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट जबाबदार व्यक्तीची. कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव असते. मदतीस दहा जण येवोत, पण विचारणा झाल्यास उत्तर देणारा एकच. ‘सर्व शिक्षकांनी मळ्यातील घरे पाहावीत’ असे लिहिले की प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी पाहून आला असेल.

दुसरी गोष्ट कामाच्या शब्दांची. काम असे लिहावे की ते झाले किंवा झाले नाही हे त्रयस्थासही सांगता यावे. ‘पटनोंदणीकडे लक्ष द्यावे’ हे काम नव्हे, तो उपदेश झाला. ‘मळ्यातील बंद असलेल्या चार घरांस भेट देऊन प्रत्येक घराची नोंद पूर्ण करावी’ हे काम झाले.

तिसरी गोष्ट तारखेची. ‘लवकरात लवकर’ या शब्दांना दिनदर्शिकेत जागा नाही. ‘१५ एप्रिल’ या शब्दांना आहे, आणि यंत्राला स्मरण द्यावयाचे तर तारीखच लागते.

स्मरणाचे दोन प्रकार

सरकारी दप्तराच्या सहा गठ्ठा पद्धतीशी आपला परिचय आहेच. तीत नियतकालिकांचा एक गठ्ठा असतो व प्रतीक्षाधीन प्रकरणांचा दुसरा. पहिल्यात ठराविक मुदतीने पाठवावयाची विवरणपत्रे येतात. दुसऱ्यात आपण पत्र लिहिले आहे पण उत्तर यावयाचे आहे अशी प्रकरणे येतात. यंत्राने द्यावयाच्या स्मरणाचेही नेमके हेच दोन प्रकार आहेत.

नियतकालिक स्मरण तारखेवर चालते. दर सोमवारी, दर महिन्याच्या १ तारखेस, किंवा दरवर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात एखादे काम करावयाचे असेल तर ते एकदाच नोंदवून ‘पुन्हा पुन्हा’ असा पर्याय निवडावा. पुढे ते आपल्या वेळी आपोआप समोर येते.

प्रतीक्षाधीन स्मरण प्रसंगावर चालते. ग्राहकाने माहिती मागितली, ती पाठविली, तीन दिवसांत उत्तर आले नाही. तर चौथ्या दिवशी संबंधित नोकराकडे ‘दूरध्वनी करावा’ असे काम आपोआप निर्माण होते. ‘घर बंद’ हा शेरा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. बंद घर म्हणजे संपलेली नोंद नव्हे. ते उत्तर न आलेले पत्र आहे, आणि उत्तर न आलेल्या पत्राला स्मरणपत्र काढावयाचे असते.

नियम कसा बांधतात

झोहो सीआरएममध्ये ‘सेटअप’ या भागात ‘ऑटोमेशन’ व त्याखाली ‘वर्कफ्लो रूल्स’ अशी जागा आहे. तेथे नियम बांधताना यंत्राला चार गोष्टी सांगाव्या लागतात.

१. प्रसंग : नियम केव्हा जागा व्हावा. उदाहरणार्थ, नवी नोंद झाली असता, नोंदीत बदल झाला असता, अथवा नोंदीतील एखादी तारीख आली असता.

२. अट : कोणत्या नोंदींना तो लागू व्हावा. उदाहरणार्थ, ज्यांच्या अवस्थेत ‘भेट झाली नाही’ असे लिहिले आहे त्यांनाच.

३. कृती : काय व्हावे. काम नेमून द्यावे, सूचना पाठवावी, किंवा नोंदीतील एखादा रकाना बदलावा.

४. अवधी : कृती लगेच व्हावी की काही दिवसांनी व्हावी.

या चार गोष्टी अगोदर कागदावर मराठीत एका वाक्यात लिहून पाहाव्यात. ‘घर बंद असा शेरा पडला असता, भेट पूर्ण झालेली नसेल तर, सात दिवसांनी त्याच शिक्षकाकडे पुन्हा भेटीचे काम यावे.’ वाक्य असे सरळ लिहिता आले तर नियम बांधता येतो. वाक्य लिहिता येत नसेल, तर अडचण यंत्राची नसून आपले ठरलेले नाही हे समजावे. यंत्र आपल्या वतीने काही ठरवीत नाही. आपण ठरविलेले ते विसरत नाही, एवढाच त्याचा गुण.

नियम बांधल्यावर तो एका चाचणीच्या नोंदीवर चालवून पाहावा. सूचना योग्य माणसाकडे गेली काय, योग्य दिवशी गेली काय, आणि काम पूर्ण झाल्याची खूण केल्यावर ती थांबली काय, या तिन्ही गोष्टी पाहिल्यावाचून तो सर्वांना लागू करू नये.

शाळेत ही पद्धत कशी चालवावी

समजा, एका शाळेत मुख्याध्यापक व तीन शिक्षक आहेत. शाळेच्या क्षेत्रात गावठाण, वाडी व मळा असे तीन भाग आहेत. प्रथम प्रत्येक भाग एकेका शिक्षकाच्या नावे लावावा. अंगणवाडीतून पहिलीच्या वयास आलेल्या बालकांची यादी अंगणवाडी सेविकेकडून घ्यावी व ती घरांच्या नोंदीशी ताडून पाहावी. ही यादी घेण्याचे कामही एकाच व्यक्तीच्या नावे व तारखेसह असावे.

नंतर एका मोठ्या कागदावर पाच रकान्यांचा तक्ता आखावा : घर क्रमांक, काम, कोणाकडे, तारीख, अवस्था. हा तक्ता शिक्षकांच्या खोलीत लावावा. तक्त्यातील प्रत्येक तारीख त्या त्या शिक्षकाने आपल्या मोबाईलमधील कॅलेंडरमध्ये घालावी. गूगल कॅलेंडरमध्ये नोंद करताना स्मरण किती अगोदर यावे हे ठरविता येते, तीच नोंद दर आठवड्यास पुन्हा यावी असेही सांगता येते, आणि दुसऱ्या व्यक्तीस तीत निमंत्रित करून तिच्या कॅलेंडरमध्येही ती दाखविता येते. मुख्याध्यापकांस अशा रीतीने निमंत्रित केले म्हणजे वेगळे विचारावे लागत नाही.

‘घर बंद’ या शेऱ्यापुरते नियम असे ठेवता येतील. शेजाऱ्यांकडून काही समजले नाही, तर सात दिवसांनी पुन्हा भेट. कुटुंब ऊसतोडीस गेल्याचे समजले, तर परतण्याचा अंदाज विचारून ती तारीख नोंदवावी. अंदाज मिळाला नाही, तर १५ एप्रिल व १ मे अशा दोन तारखा घालाव्यात. ठरल्या तारखेनंतर तीन दिवसांत भेटीची नोंद झाली नाही, तर मुख्याध्यापकांस सूचना. कुटुंब दुसऱ्या गावी कायमचे गेल्याचे समजले, तर त्या गावच्या शाळेस कळविणे हे नवे काम, नव्या तारखेसह. मूल बाहेरगावी शिकत होते असे आढळले, तर त्याच्याजवळ शिक्षण हमी पत्रक आहे काय हे पाहणे हे आणखी एक काम. जन्माचा दाखला जवळ नाही म्हणून पालक मागे राहत असतील, तर वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४ मधील तरतुदीच्या आधारे त्यांना त्याच भेटीत सांगावे.

या नियमांत एकही घर ‘बंद’ म्हणून संपत नाही. प्रत्येक घराचा शेवट तीनांपैकी एका शब्दात होतो : प्रवेश झाला, अन्यत्र शिकत आहे, किंवा प्रवेशयोग्य बालक नाही. तोवर कोणाचे तरी नाव व कोणती तरी तारीख त्या घरापुढे उभी असते.

काही सावधगिरी

स्मरणांची संख्या मर्यादित ठेवावी. दिवसातून दहा वेळा घंटा वाजू लागली म्हणजे कान तिला सरावतो आणि महत्त्वाची घंटाही ऐकू येईनाशी होते. एका कामास एक स्मरण ठरल्या दिवशी सकाळी व दुसरे मुदत उलटल्यावर, एवढे पुरे. पूर्ण झालेल्या कामाचे स्मरण पुन्हा येत राहिले तर ते ताबडतोब बंद करावे. नाहीतर पद्धतीवरचा विश्वास उडतो.

व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली सूचना म्हणजे नेमून दिलेले काम नव्हे. तेथे ती इतर संदेशांखाली जाते आणि ‘ठीक आहे’ असे चार जणांनी लिहिले तरी जबाबदार कोण हे ठरत नाही. गटाचा उपयोग बातमी देण्यासाठी करावा. काम मात्र तक्त्यावर लिहावे.

बालकांच्या माहितीविषयी विशेष दक्षता हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यात बालकांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. म्हणून बालकांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक अथवा पालकांचे दूरध्वनी क्रमांक कोणत्याही खाजगी सॉफ्टवेअरमध्ये आपण होऊन भरू नयेत. भिंतीवरील तक्त्यात व मोबाईलच्या स्मरणात घर क्रमांक पुरेसा आहे. नावाची नोंद शाळेच्या वहीत राहू द्यावी.

शेवटी, मुख्याध्यापकांकडे येणारी सूचना ही शिक्षकाच्या दोषाची नोंद मानू नये. एखादा शिक्षक रजेवर असेल, एखाद्याकडे निवडणुकीचे काम आले असेल. सूचना मिळताच ‘का झाले नाही’ याआधी ‘आता कोण जाईल’ हे विचारावे, आणि नाव व तारीख बदलून काम पुढे न्यावे. सूचनेची धास्ती बसली म्हणजे न झालेल्या कामापुढेही ‘पूर्ण’ अशी खूण होऊ लागते, आणि मग यंत्राजवळ खरे असे काहीच उरत नाही.

प्रारंभ सर्व कामांपासून करण्याचे कारण नाही. पटनोंदणीच्या वहीतील ‘घर बंद’ असे शेरे असलेली घरे शिक्षकांच्या येत्या बैठकीत काढावीत. प्रत्येक घरापुढे एक नाव व एक तारीख लिहावी, आणि त्या तारखा तेथेच बसून मोबाईलमध्ये घालाव्यात. पोषण आहाराची विवरणपत्रे, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभा, आरोग्य तपासणी यांसाठीही हीच रीत पुढे लावता येईल. मात्र पहिला मान त्या बंद दारांना द्यावा, कारण विवरणपत्र उशिरा गेले तर स्मरणपत्र येते. पटावर न आलेल्या मुलाच्या वतीने कोणतेही पत्र येत नाही.