पाच वार शाळेचे, दोन वार आपले



आपल्या मंदिरातील अनेक ज्येष्ठांनी लहानपणी 'वार लावून' जेवणारे विद्यार्थी पाहिले असतील, निदान वडीलधाऱ्यांकडून त्यांच्याविषयी ऐकले तरी असेल. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे मिळाली की पुण्यात किंवा साताऱ्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाचा आठवडा पार पडत असे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास.

मी न्यू जर्सीतील एका शाळा डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. या श्रीमंत देशात वार लावून जेवणारी मुले असतील असे मला पूर्वी वाटले नव्हते. पण ती आहेत. सोमवार ते शुक्रवार हे पाच वार शाळेने घेतले आहेत. शनिवार, रविवार आणि सुट्ट्यांचे वार मोकळे आहेत. आज त्याविषयीच लिहीत आहे.

अमेरिकेत शाळेतील दुपारच्या जेवणाचा कायदा १९४६ साली झाला. त्यानुसार कुटुंबाचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत मिळते आणि १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. सवलतीच्या जेवणाला जास्तीत जास्त ४० सेंट घेता येतात. काही राज्यांनी याहून अधिक उदार नियम केले आहेत. सरकार शाळेला पैसे देते ते वाढलेल्या प्रत्येक ताटामागे. ताट वाढले नाही, तर पैसेही नाहीत.

न्यू जर्सीत शाळा वर्षाला किमान १८० दिवस भरावी लागते. म्हणजे उरलेले साधारण १८५ दिवस जेवणाचा भार घरावर असतो. उन्हाळ्यासाठी सरकारने वेगळी सोय केली आहे. २०२४ पासून सहभागी राज्यांतील पात्र मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी प्रत्येकी १२० डॉलर किराण्याच्या कार्डावर मिळू लागले. थँक्सगिव्हिंग किंवा नाताळच्या सुट्टीत मात्र सहसा अशी सोय नसते.

आमच्याकडे नोव्हेंबर हा सर्वांत तुटक महिना. शिक्षकांच्या अधिवेशनाचे दोन दिवस शाळा बंद, मग थँक्सगिव्हिंग, आणि कधी कधी दिवाळीही याच सुमारास येते. दिवाळीची सुट्टी मिळावी म्हणून आपण अनेक वर्षे प्रयत्न केले. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना १ नोव्हेंबर २०२४ रोजी पहिल्यांदा ती मिळाली. न्यू जर्सीतील अनेक गावांतही ती मिळते. याचा मला मनापासून आनंद आहे. वर्षाचे १८० दिवस त्यामुळे कमी होत नाहीत, कारण दिवस पुढे कुठेतरी भरून काढला जातो. पण आपल्या घरी फराळाचे डबे भरले जातात त्या दिवशी एखाद्या मुलाचा एक वार मोकळा पडतो, हे आता माझ्या मनातून जात नाही.

एका सुट्टीच्या आदल्या दिवशी कॅफेटेरियात वाढणाऱ्या बाईंनी मला सांगितले की पहिलीतला एक मुलगा दुधाचा छोटा खोका दप्तरात घालत होता. "धाकट्या बहिणीसाठी," असे तो म्हणाला. बहीण अजून शाळेत जात नव्हती, म्हणजे तिचा एकही वार लागलेला नव्हता.

मग शाळाच काही का करत नाही, असे आपण विचाराल. शाळेच्या खर्चापैकी सुमारे चार पंचमांश रक्कम पगार आणि विमा, निवृत्तिवेतन अशा लाभांवर जाते. उरलेल्यात बस, वीज, दुरुस्ती आणि पुस्तके. न्यू जर्सीत शाळेसाठीचा घरपट्टीचा कर काही अपवाद सोडता वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. आरोग्यविमा मात्र त्याहून फार वेगाने महागतो. कोविडच्या काळात आलेल्या केंद्रीय मदतीची मुदतही सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. आमचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत जवळजवळ प्रत्येक डॉलरवर कशाचे तरी नाव पडलेले असते.

जेवणाच्या उधारीचीही एक अडचण आहे. कॅफेटेरियाचे खाते वेगळे आणि विनानफा असते. बुडीत उधारी त्या खात्यातून भागवायला केंद्राच्या नियमानुसार परवानगी नाही. ती डिस्ट्रिक्टच्या सर्वसाधारण निधीतून किंवा बाहेरच्या देणगीतून भरावी लागते. सवलतीच्या मर्यादेपेक्षा थोडेसेच जास्त कमावणाऱ्या घरांची ही उधारी बहुतेक वेळा असते.

आपल्याच समाजाविषयीही सांगते. नोकरी गेलेली मराठी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांना फॉर्म भरायला लाज वाटते आणि व्हिसाची भीतीही वाटते. मुलांच्या जेवणाच्या अर्जात इमिग्रेशनची स्थिती विचारली जात नाही. अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. नोकरी सप्टेंबरनंतर गेली तरी चालते. आजीआजोबांचे शब्द घरात आणि शेजारी ऐकले जातात. हे दोन मुद्दे आपण कुणाच्या तरी कानावर घातलेत, तर ती मोठीच मदत होईल.

मंदिराच्या सेवाकार्यात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यवहारी सूचना:

शनिवार-रविवारच्या पिशवीत लहान मूल स्वतः उघडून खाऊ शकेल असे पदार्थ हवेत: ओटमीलची पाकिटे, सीरियलचे छोटे डबे, सफरचंदाच्या गराच्या वाट्या, सहज उघडणारे बीन्सचे डबे, टिकाऊ दुधाचे खोके. हे सगळे शाकाहारीच आहे. घरी केलेला फराळ शाळेला घेता येत नाही, तो कितीही चांगला असला तरी. शेंगदाणे आणि काजू-बदाम ॲलर्जीमुळे टाळावेत. काचेच्या बाटल्या नकोत. तारीख उलटलेले डबे आणू नयेत; ते निवडून टाकण्यातच स्वयंसेवकांचा वेळ जातो.

पिशव्या कोणत्या मुलांना मिळतात हे शाळा सांगणार नाही. विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा १९७४ सालचा कायदा आहे, पण कायदा नसता तरी मी सांगितले नसते. कृपया फोटोचा आग्रह धरू नये.

रोख देणगी विश्वस्तांमार्फत द्यावी आणि पावती घ्यावी. वयाची साडेसत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना आयआरए खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला रक्कम देता येते. ती करपात्र उत्पन्नात धरली जात नाही, आणि दरवर्षी सक्तीने काढाव्या लागणाऱ्या रकमेत मोजली जाते. मात्र पैसे आधी स्वतःच्या बँकेत घेऊन मग दिले, तर हा लाभ मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला अवश्य विचारावे.

आणि एक विनंती. डिसेंबरात सर्वांचाच हात सैल असतो. फेब्रुवारीत पेट्या रिकाम्या असतात. एकदम मोठी देणगी देण्यापेक्षा दर महिन्याला थोडे दिलेत, तर आम्हाला पुढचे ठरवता येते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. घराघरांतून मूठभर धान्य गोळा करणारा मुष्टिफंडही आपल्यातील अनेकांना आठवत असेल. दागिने देण्याची वेळ आज आपल्यावर आलेली नाही. आपल्याला एक मूठच द्यायची आहे.

देवळातून घरी जाताना कार्यालयातील वहीत आपले नाव लिहून एखादा शनिवार किंवा रविवार आपल्या नावे लावून घ्यावा, ही नम्र विनंती. नाव लिहायचे नसेल तर नुसता वार लिहिलात तरी पुरे.