अठरा फुटांची ‘जमीन’ आणि लासूर स्टेशन

1955 साली ललित कला अकादमीने पहिले राष्ट्रीय कलाप्रदर्शन भरवले आणि त्यात मकबूल फिदा हुसेन यांच्या ‘जमीन’ला पहिला पुरस्कार मिळाला. उंची जेमतेम तीन फूट, लांबी सुमारे अठरा फूट. तैलरंगातल्या या लांबलचक पट्टीचे हुसेन यांनी लहानमोठे चौकोन पाडले आणि त्यांत गावातली माणसे, जनावरे, रोजची कामे शेजारी शेजारी बसवली. डोळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत, चालत चालतच हे चित्र पाहावे लागते. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराने स्वतंत्र भारताच्या पहिल्या राष्ट्रीय प्रदर्शनात खेड्यातले जगणे मांडले आणि देशाने त्यावर मोहोर उमटवली, ही साधी गोष्ट नव्हती. हे चित्र आज दिल्लीतल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्या पुरस्काराला आता सत्तर वर्षे झाली. एवढ्या काळाचा हिशोब मांडताना आपण विजेत्यांची यादी काढतो आणि आपल्या भागातले किती, ते मोजतो. मला हे मोजमाप अपुरे वाटते. पुरस्काराला ‘राष्ट्रीय’ म्हणायचे, तर पुरस्कारप्राप्त कलाकृती देशातल्या कुठल्या कुठल्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिल्या हे आधी विचारले पाहिजे. आणि तो प्रश्न छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या लासूर स्टेशनसारख्या गावात उभे राहून विचारला की हिशोब फार वेगळा निघतो.

यादीपुरते बोलायचे तर मराठी मुलखाने तक्रार करावी असे काही नाही. मडगावच्या लक्ष्मण पै यांना अकादमीचा पुरस्कार तीनदा मिळाला. नागावच्या प्रभाकर बरवे यांना तो 1976 मध्ये ‘ब्लू क्लाउड’ या चित्रासाठी मिळाला. दारे-खिडक्यांना लावतात त्या इनॅमल रंगाने बरवे चित्र काढत. सपाट, थंड पृष्ठभागावर एखादे पान, एखादे घड्याळ, आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेलाही वस्तूइतकेच वजन. मराठी वाचकाला ते ‘कोरा कॅनव्हास’मुळे जास्त ठाऊक आहेत, आणि मला त्यात एक उणीव दिसते. ज्यांनी हे पुस्तक प्रेमाने वाचले, त्यांतल्या किती जणांनी बरव्यांचे एक तरी मूळ चित्र समोर उभे राहून पाहिले असेल? अलीकडचे पाहिले तरी 4 मार्च 2020 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते ज्या पंधरा कलावंतांना 61वे पुरस्कार देण्यात आले, त्यांत सागर वसंत कांबळे आणि तेजस्वी नारायण सोनावणे ही नावे होती. म्हणजे नावे आपल्यापर्यंत पोचतात, बातम्या पोचतात. चित्रे पोचत नाहीत.

याचे मूळ रचनेत आहे. अकादमीचे उद्घाटन 1954च्या ऑगस्टमध्ये झाले. आधुनिक कला संग्रहालयही त्याच वर्षी दिल्लीतल्या जयपूर हाउसमध्ये उघडले. नव्या देशाला कलेचे एक केंद्र हवे होते आणि ते राजधानीत असणे तेव्हा स्वाभाविकच होते. (त्या वर्षी लासूर स्टेशन तर अजून हैदराबाद राज्यात होते. मराठवाडा मुंबई राज्यात आला 1 नोव्हेंबर 1956 रोजी.) पुढे चेन्नई, कोलकाता, लखनौ, भुवनेश्वर अशी अकादमीची प्रादेशिक केंद्रे झाली. या जुन्या केंद्रांत महाराष्ट्रातले एकही नाही. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आहे, 1888 पासून बॉम्बे आर्ट सोसायटी आहे, मग वेगळे केंद्र कशाला, असा विचार त्यामागे असेल तर महाराष्ट्र म्हणजे मुंबई हे त्यात गृहीतच धरलेले आहे. अकादमीच्या कारभारावर टीकाही काही कमी झाली नाही. तिच्या 1971च्या त्रैवार्षिक प्रदर्शनाच्या वेळी चित्रकारांनी बहिष्काराचे हत्यार उपसले, आढाव्यासाठी नेमलेल्या खोसला समितीचा अहवाल आला, पुढे हक्सर समितीचा आला, आणि 2015 मध्ये केंद्र सरकारने अकादमीचा कारभारच हाती घेतला. या सगळ्या भांडणाचा विषय सत्ता कोणाच्या हाती असावी हा होता. परीक्षक कोण, सदस्य कोण, निवड कोणी करायची. प्रेक्षक कोण, यावर मात्र फारसे कोणी भांडले नाही. 2019च्या फेब्रुवारीत आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबईतल्या दालनात बरव्यांच्याच चित्रांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर यांनी संग्रहालयाच्या स्थानिक सल्लागार समित्या मोडीत काढून निर्णय दिल्लीकडे नेल्याबद्दल प्रश्न विचारला, तेव्हा त्यांचे भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाला. त्यांचा प्रश्न रास्त होता. पण मुंबईकडून निघून दिल्लीकडे जाणारे निर्णय मुंबईला जसे खुपतात, तसेच मुंबईतच थबकणारे प्रदर्शन मराठवाड्याला खुपायला हवे.

कारण लासूर स्टेशनच्या या जिल्ह्याने आपली चित्रे बाहेर जाताना फार आधीपासून पाहिली आहेत. रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनला गेल्या आणि 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती काढल्या. त्याही लंडनला गेल्या आणि त्यांतल्या कितीतरी 1885च्या आगीत गेल्या. आधुनिक भारतीय चित्रकलेने अजिंठ्याकडून रेषा घेतली, रंग घेतले, आकृतीचे डौल घेतले. त्यातून जे घडले ते या मातीला परत येऊन दाखवण्याची जबाबदारी मात्र कोणी उचलली नाही. वेरूळ-अजिंठा शेजारी आहे, आणखी काय हवे, असे म्हणणारे भेटतात. पण दीड हजार वर्षांपूर्वीची लेणी पाहून आजचा चित्रकार आज काय म्हणतो आहे ते कळत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो तो गुणवत्तेचा. पुरस्काराने चांगले-वाईट पाहावे, नकाशा पाहू नये; प्रदेशांना वाटे दिले की दर्जा घसरतो. आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर देताना इतर देशांकडे पाहणे उपयोगी ठरते. कॅनडातला सोबी पुरस्कार 2002 मध्ये सुरू झाला तोच प्रदेशवार निवडीच्या पायावर. देशाचे विभाग पाडायचे आणि अंतिम यादीत प्रत्येक विभागाचा एक कलावंत घ्यायचा. त्याने दर्जा बुडाला असे कोणी म्हणत नाही. तरीही मी तशी मागणी करत नाही, कारण विभागाला एक नाव मिळाल्याने त्या विभागातल्या माणसांना चित्र पाहायला मिळतेच असे नाही. ब्रिटनमधल्या टर्नर पुरस्काराची वाट मला जास्त पटते. 1984 पासून चालत आलेल्या या पुरस्काराने निवडीत प्रदेशवार वाटे आणले नाहीत, पण प्रदर्शन लंडनबाहेर काढले. 2007 मध्ये लिव्हरपूल, 2011 मध्ये गेट्सहेड, पुढे डेरी, ग्लासगो, हल, मार्गेट, कॉव्हेंट्री. म्हणजे परीक्षकांच्या कामाला धक्का न लावता प्रेक्षक बदलता येतो. गुणवत्तेचा आक्षेप निवडीला लागू पडतो, मांडणीच्या जागेला लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप बोचरा आहे. लासूर स्टेशनला प्रदर्शन नेले तर पाहील कोण? कांद्याच्या लिलावाला आलेला शेतकरी की गाडीची वाट पाहणारा प्रवासी? हो, तोही पाहील. लिलावात व्यापारी ढिगातला कांदा हातात घेऊन दाबून पाहतो, पत्ती पाहतो, मगच बोली बोलतो. माल समोर नसताना भाव ठरवणे या बाजाराला मान्य नाही. बघून पारख करायची सवय असलेल्या माणसांना चित्रातले काय कळणार, असे मानणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय हा प्रेक्षक आपण दरवर्षी तयारही करतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना राज्यभरातून लाखो मुले बसतात, त्यांत तालुक्यातल्या आणि बाजारगावांतल्या शाळांचा वाटा मोठा असतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला सात, पाच किंवा तीन गुण वाढतात. मूल वस्तुचित्र काढते, संकल्पचित्रात रंगसंगती साधते, स्मरणचित्रात आठवडी बाजार उभा करते. शेंगदाण्याची पाटी, छत्री, पाठमोरी बाई, मागे झाड. छटा कशी द्यावी हे त्याला शिकवलेले असते. पण कागदाबाहेरचे, खऱ्या चित्रकाराच्या हातचे, जवळ गेल्यावर ब्रशचा माग दिसेल असे एकही चित्र पाहिल्याशिवाय त्याची चित्रकला दहावीला संपते. गुण मिळाले, रंगपेटी माळ्यावर गेली. लाखो हातांना रेघ शिकवून त्यांच्या डोळ्यांना उपाशी ठेवणारी ही व्यवस्था मला फार दुःखदायक वाटते.

आता फोनवर सगळी चित्रे दिसतात, असेही सांगितले जाते. पुरस्कारासाठीच्या प्रवेशिकेपुरते ते मोठे सोयीचे आहे. खोके, भाडे, वाहतुकीतली तूटफूट यापायी लहान गावचा चित्रकार जो मागे राहत असे, त्याला छायाचित्र पाठवून निदान पहिल्या दारातून आत जाता येते. पाहण्यासाठी मात्र हा मार्ग तोकडा आहे. अठरा फुटांची ‘जमीन’ फोनच्या पडद्यावर बोटभर उंचीची रेघ होते, आणि बरव्यांच्या इनॅमलवर उजेड कसा सरकतो ते त्यात येतच नाही. राहिला खर्चाचा आणि सुरक्षेचा प्रश्न, तो खरा आहे. हुसेन यांचे चित्र पत्र्याच्या शेडमध्ये टांगा असे कोणी म्हणणार नाही. पण राष्ट्रीय प्रदर्शनात मुद्राचित्रांचाही विभाग असतो. काष्ठछाप, अम्लरेखन, शिलाछाप यांच्या एका पाट्यावरून अनेक मूळ प्रती निघतात आणि प्रत्येक प्रत अस्सल असते. पुरस्कारप्राप्त मुद्राचित्रांची एकेक जादा प्रत विकत घेऊन अशी वीस-पंचवीस चित्रे साध्या चौकटीत बसवली, तर ती एका टेम्पोत मावतात. छत्रपती संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय आहे. तिथून लासूर स्टेशन चाळीसेक किलोमीटर. तिथले विद्यार्थी चित्रांबरोबर आले, पाट्यावर शाई कशी भरतात आणि कागद कसा उचलतात ते करून दाखवले, तर कुठल्याही शाळेचा व्हरांडा चार दिवसांपुरते दालन होऊ शकतो. आणि ‘जमीन’? तिची पूर्ण आकाराची उत्तम छापील प्रत करायला सरकारला अवघड नाही. अठरा फूट भिंत लासूरच्या शाळेत नक्की निघेल, आणि पोरांना तिच्यासमोरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येईल.