लस केवळ पाळण्यातील बाळासाठी नव्हे

लस म्हटली की पाळण्यातील बाळ डोळ्यांसमोर येते. आणि ते बाळ चालू-बोलू लागले की लसीकरणाचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी जाते. लसीविषयीचा हा समज अर्धाच खरा आहे. घटसर्प व धनुर्वात यांच्याविरुद्ध बालवयात लाभलेली प्रतिकारशक्ती कालांतराने क्षीण होते. म्हणूनच राष्ट्रीय वेळापत्रकात १६ ते २४ महिने, ५ ते ६ वर्षे, १० वर्षे व १६ वर्षे असे पुढील टप्पे ठेवलेले आहेत. गर्भवती मातेस दिलेल्या लसीचे संरक्षण तर नाळेवाटे गर्भापर्यंत पोहोचते. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताने २०१५ मध्ये सिद्ध केले, त्यात या लसीचा आणि सुरक्षित बाळंतपणाचा वाटा मोठा आहे.

किशोरवयातील लसीचे मोल जाणण्यासाठी सोलापूर जिल्ह्यास दूर जावयास नको. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्या नोंदींतून दिसून आले. हा कर्करोग मुख्यतः ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून उद्भवतो. त्याविरुद्धच्या लसीच्या दोन मात्रा पुरेत की तीन हव्यात, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशातील नऊ केंद्रांत अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल हे त्यांपैकी एक. १० ते १८ वर्षे वयाच्या १७,७२९ मुलींना लस दिली गेली. तथापि २०१० मध्ये अन्य एका प्रकल्पावरून वाद उद्भवला व शासनाने लस देणे थांबविले. जवळजवळ पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली होती. अभ्यास वाया गेला असेच कोणासही वाटले असते. संशोधकांनी मात्र पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर आढळले की, विषाणूच्या दोन प्रमुख प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून एका मात्रेनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागील पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे. झालेला संसर्ग ही लस बरा करीत नाही, म्हणून ती किशोरवयातच घ्यावयाची. आणि लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकवावयाची नाही.

प्रौढांनाही लसीची गरज संपलेली नसते. कुत्रा चावल्यास कोणत्याही वयात रेबीजची लस विनाविलंब घ्यावी लागते. वृद्धांनी, विशेषतः मधुमेह वा दम्याच्या रुग्णांनी, फ्ल्यू व न्यूमोनियाच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट ठरते.

सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा. गळीत हंगामात ऊसतोडणीच्या टोळ्या गाव सोडून फडावर येतात, आणि कोपीतील मुलांच्या मात्रा नेमक्या याच काळात चुकतात. मूळ गावच्या यादीत नाव असते, पण मूल नसते. फडावर मूल असते, पण यादीत नाव नसते. अशा वेळी मुकादमाकडून टोळीतील मुलांची व गर्भवती स्त्रियांची नावे घेऊन ती आशा कार्यकर्ती वा आरोग्यसेविकेस कळविणे पंचायत सदस्यांना सहज शक्य आहे. चुकलेली मात्रा पुढे घेता येते. सारी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, हे पालकांना आवर्जून सांगावे लागते. शिक्षकांनी पाचवी व दहावीच्या वर्गांची यादी उपकेंद्राकडे दिली, तर १० व १६ वर्षांच्या मात्रांची नोंद एका दिवसात तपासून होते. कार्ड हरवले असले तरी उपकेंद्रातील नोंदवही पाहता येते.