अदृश्य झोतांचा माग

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे, हा न्यायशास्त्रांतील दृष्टांत आमच्या वाचकांस परिचित आहेच. अशाच अनुमानाच्या बळावर ज्योतिर्विदांनीं एका दूरच्या दीर्घिकेचें गूढ कसें उकललें, तें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हंस तारकासमूहांत, आपणांपासून सुमारें ७५ कोटि प्रकाशवर्षांवर ही दीर्घिका आहे. नुसत्या डोळ्यांस ती मुळींच दिसत नाहीं. परंतु रेडिओ-लहरींत ती आकाशांतील अत्यंत प्रखर उगमांपैकीं एक आहे. १९५३ सालीं इंग्लंडांत जॉड्रेल बँक येथें जेनिसन व बंगालचे मृणालकुमार दासगुप्त यांनीं, परस्परांपासून दूर ठेवलेल्या अँटेनांच्या साहाय्यानें असें दाखविलें कीं, हें तेज एका ठिकाणचें नसून दोन पुंजांतून येतें. हे पुंज दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंस, ताऱ्यांच्या वस्तीच्या पुष्कळ बाहेर आहेत. त्यांचा एकंदर विस्तार सुमारें ४ लक्ष प्रकाशवर्षें भरतो!

जेथें तारेच नाहींत, तेथें एवढी ऊर्जा आली कोठून? केंद्रांतून ती झोतांच्या वाटेनें सतत पुरविली जात असली पाहिजे, असें अनुमान १९७१ ते १९७४ या काळांत रीस, शॉयर व ब्लँडफर्ड यांनीं मांडलें. अखेर १९८४ सालीं, न्यू मेक्सिकोंतील २७ अँटेनांच्या दुर्बिणीनें घेतलेल्या चित्रांत, केंद्रापासून पुंजाकडे गेलेला तंतूसारखा बारीक झोत प्रत्यक्ष दिसला. त्या केंद्रीं सूर्याच्या सुमारें २५० कोटिपट वस्तुमानाचें कृष्णविवर आहे. त्याकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्याचा कांहीं अंश आंत न पडतां प्रचंड वेगानें बाहेर फेंकला जातो. त्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत घिरट्या घालतात, व त्यांपासूनच रेडिओ-लहरी निघतात.

अशा दीर्घिकांचें निरीक्षण पुणें जिल्ह्यांत खोडद येथेंहि चालतें. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या तेथील दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. झोत थांबला म्हणजे इलेक्ट्रॉनांची शक्ति क्षीण होत जाते. तथापि लांब लहरींत त्यांची धुगधुगी बराच काळ टिकते. म्हणून विझलेल्या झोतांचे अवशेषहि खोडदच्या दुर्बिणीस सांपडतात.

'हें सर्व आमच्या प्राचीन ग्रंथांत आहेच', असें म्हणून मुलांचे प्रश्न मिटविण्याची चाल कित्येक घरांत आहे. त्या ग्रंथांच्या अध्ययनांत आमचें आयुष्य गेलें, त्यांचें प्रेम आम्हांस थोडें नाहीं. परंतु अनुमान बांधणें हें अर्धेंच काम. पुढें मोजमाप करून तें पडताळावें लागतें. 'कशावरून?' असें मुलानें विचारिलें, तर त्यास गप्प बसवूं नये. पूर्वजांनींहि हाच प्रश्न विचारीत शास्त्रें रचलीं.