अंगठ्याची हजेरी

ज्याला सही करतां येत नसे त्याला आपल्याकडे ‘अंगठेबहाद्दर’ म्हणत. सावकाराच्या कागदावर शाईचा अंगठा उमटवितांना माणूस ओशाळत असे. आज पदवीधरहि कचेरीच्या दारीं प्रथम अंगठाच पुढें करितो, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत नाहीं. या बायोमेट्रिक यंत्रापासून लाभ कोणता, हें विद्यार्थ्यांस व पालकांस थोडक्यांत सांगावें असा मानस आहे.

या विद्येचा एक उगम आपल्याच देशांत आहे. इ. स. १८५८ मध्यें बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नामक मक्तेदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. हेतु इतकाच कीं, पुढें त्यानें सही नाकारूं नये. १८९७ सालीं कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांचें वर्गीकरण बसविण्यांत अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांचे श्रम मोठे होते. पद्धतीस नांव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचें मिळालें!

बोटांवरील रेषा जन्मापूर्वींच तयार होतात, व जुळ्या भावांच्याहि सारख्या नसतात. रेषा कोठें संपते, कोठें तिला फाटा फुटतो, एवढ्या खुणा यंत्र टिपून ठेवितें, आणि पुढें आलेलें बोट त्यांशीं ताडून पाहतें. जुळलें कीं वेळेची नोंद होते, किंवा दार उघडतें. हजेरीपटांत मित्राच्या नांवापुढें खूण करणें सोपें. मित्राचें बोट आणणें कठीण. गैरहजर माणसाच्या नांवें मजुरी उचलणें अवघड होतें, आणि वेळेवर आलेल्याला ‘तूं उशिरा आलास’ असें म्हणण्याची मुकादमास सोय राहत नाहीं. किल्ली हरवते, ओळखपत्र घरीं राहतें. बोट सदैव बरोबर.

परंतु नरखेड तालुक्यांत एवढें सांगून भागत नाहीं. संत्र्याच्या बागेंत, कपाशींत, विटांच्या कामांत राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात. म्हातारपणीं तर त्या अधिकच पुसट होतात. एका रेशन दुकानांत मीं एका आजीस पाहिलें. चार वेळां अंगठा लावला, पदरानें पुसून पुन्हां लावला. यंत्र तिला ओळखीना. “मास्तर, मी मीच आहो ना जी?” असें तिनें मला विचारलें. शेवटीं मधलें बोट जुळलें, आणि धान्य मिळालें. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आपल्याच राज्यांतील नंदुरबार जिल्ह्यांत टेंभली येथें पहिलें आधार देण्यांत आलें. त्या नोंदणींत दहाहि बोटें व दोन्ही डोळे घेतात, याचा उपयोग अशा वेळीं कळतो.

यंत्राची कसोटी कडक ठेवावी तर खरा माणूस बाहेर राहतो. सैल ठेवावी तर खोटा आंत शिरतो. ती किती ताणावी हें शेवटीं माणूसच ठरवितो. म्हणून जेथें यंत्र बसवावें तेथें शेजारीं एक वही व एक जबाबदार माणूसहि असावा. नाहींतर झिजलेल्या बोटाची मजुरी बुडते.

आणखी एक गोष्ट पालकांकरितां. किल्ली चोरीस गेली तर कुलूप बदलतां येतें. बोट बदलतां येत नाहीं. तेव्हां मुलाचा ठसा कोणी मागितल्यास तो कोठें राहणार, कोण पाहणार, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर तो पुसणार कीं नाहीं, हें विचारण्यास संकोचूं नये. शाळाप्रवेशासाठीं आधारची सक्ती करतां येणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २६ सप्टेंबर २०१८ रोजींच सांगितलें आहे.